हिमनदीतून निघालेली नदी वागते कशी? गोमुख ते देवप्रयाग, सोप्या भाषेत

5 ऑगस्ट 2025 ला दुपारी उत्तराखंडातल्या धराली गावावर जे कोसळलं त्याचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी मोबाईलवर पाहिले. खीरगाड नावाच्या ओढ्याच्या घळीतून राखाडी लोंढा उतरतो, बाजारातली तीन-चार मजली हॉटेलं बघता बघता आडवी होतात, आणि समोरच्या मुखबा गावातून शूटिंग करणारी माणसं शिट्ट्या मारतायत, पळा पळा म्हणून ओरडतायत, पण खालच्यांना काही कळेपर्यंत वेळच उरलेला नसतो. गंगोत्रीच्या त्या पट्ट्यात तेव्हा महाराष्ट्रातलेही शंभराहून जास्त पर्यटक अडकले होते, त्यामुळे आपल्याकडे बातम्यांत काही दिवस तेच चालू होतं, आणि सगळीकडे कारण म्हणून एकच शब्द होता, ढगफुटी.

तो शब्द मला अपुरा वाटतो. ढगफुटी म्हटलं की जे झालं ते आभाळाने केलं आणि विषय संपला असं होतं, ती दरी कशी आहे, ती नदी काय काय वाहून आणते, ते गाव नेमकं कशावर वसलंय हे कुणी विचारत नाही. आणि आपल्याकडून दरवर्षी हजारो लोक, त्यात वयस्कर आई-वडील, चारधामला जातात, त्यामुळे हा प्रश्न आपलाही आहे. म्हणून भागीरथी, म्हणजे गोमुखहून निघून देवप्रयागला अलकनंदेला मिळणारी आणि पुढे गंगा होणारी नदी, घेऊनच सगळं पहिल्यापासून बघूया. एकच गोष्ट लक्षात ठेवा, हिमनदीतून निघणाऱ्या नदीचा हिशोब नुसत्या पाण्याचा करून भागत नाही, त्या पाण्याबरोबर येणाऱ्या दगडमातीचाही करावा लागतो.

हिमनदी म्हणजे नक्की काय

उंचावर पडणारा भुसभुशीत बर्फ उन्हाळ्यात पूर्ण वितळला नाही तर त्याच्यावर पुढच्या वर्षीचा बर्फ पडतो, मग त्याच्यावर त्याच्या पुढच्या वर्षीचा, असं होत होत खालचे थर दाबले जातात, त्यातली हवा निघून जाते आणि कडक निळसर बर्फ तयार होतो. हा थर पुरेसा जाड झाला की स्वतःच्याच वजनाने उताराकडे सरकायला लागतो. डोळ्यांना दिसणार नाही इतका हळू, पण सरकतो. हा सरकणारा बर्फ म्हणजे हिमनदी.

गंगोत्री हिमनदी अशी साधारण 30 किलोमीटर लांब आहे. ती सुरू होते चौखंबाच्या (7,138 मीटर) उतारांवरून आणि संपते गोमुखला, साधारण 4,000 मीटर उंचीवर. वाटेत रक्तवर्ण, चतुरंगी, कीर्ती अशा बाजूच्या हिमनद्यांच्या दऱ्या तिला येऊन मिळतात. पहिल्यांदा गोमुखला जाणारे बरेचदा जरा हिरमुसतात, कारण त्यांनी पांढराशुभ्र बर्फ मनात धरलेला असतो आणि समोर असते मातकट, दगडांनी झाकलेली एक भिंत, तिच्या बुडाशी गुहा, आणि गुहेतून जोरात बाहेर पडणारं गढूळ पाणी. पण ती मातकट भिंत नीट बघण्यासारखी आहे, कारण तिथेच सगळी गोष्ट आहे. बर्फ सरकताना खालचा खडक खरवडतो, बाजूच्या कड्यांवरून पडलेले दगड अंगावर घेऊन चालतो, आणि जिथे वितळतो तिथे हे सगळं टाकून देतो. या टाकलेल्या ढिगाला शाळेच्या भूगोलात आपण हिमोढ म्हणून शिकलो. हिमोढात घरापेक्षा मोठा दगडही असतो आणि पिठापेक्षा बारीक पूडही, आणि त्यातलं काहीच एकमेकाला घट्ट धरून नसतं.

हिमनदी वाढते की आटते हे कसं ठरतं? आपल्या गावाकडची कणगी आठवा. सुगीला धान्य भरायचं आणि वर्षभर त्यातून काढून खायचं. जेवढं भरलं तेवढंच काढलं तर कणगी आहे तशी राहते, जास्त काढत गेलो तर तळ दिसायला लागतो. हिमनदीच्या वरच्या अंगाला बर्फ भरला जातो, हिवाळ्यातल्या पश्चिमी झंझावातांमुळे, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळांमुळे, आणि, हे आपल्याला नवल वाटेल, काही पावसाळ्यातही, कारण आपला जो मान्सून खाली पाऊस पाडतो तोच तितक्या उंचीवर बर्फ पाडतो. खालच्या अंगाला वितळून पाणी निघतं. गंगोत्री हिमनदीत काढणं जास्त होतंय आणि भरणं कमी. 1935 पासून मोजलं तर गोमुख दीड किलोमीटरहून जास्त मागे गेलंय.

मे महिन्यात कृष्णा आटते, भागीरथी चढते

आपल्या नद्या पावसाच्या. जून ते सप्टेंबर भरून वाहतात आणि एप्रिल-मेमध्ये पात्रातले खडक उघडे पडतात, धरणातून सोडलं तरच पाणी. भागीरथीचं वेळापत्रक उलटं चालतं. एप्रिलच्या सुमारास खालच्या उतारांवरचा हिवाळ्यातला बर्फ वितळायला लागतो, मे-जूनमध्ये ऊन वर सरकतं तसं वितळणंही वर सरकतं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये हिमनदीचं वितळणं आणि मान्सूनचा पाऊस दोन्ही एकाच वेळी येतात. म्हणजे ज्या महिन्यांत नदी आधीच भरलेली असते नेमका तेव्हाच वरून पाऊस.

दिवसाचंही असंच आहे. पहाटे पाणी सगळ्यात कमी असतं कारण रात्रभर वर गारठा असतो. दुपारच्या उन्हाने वितळलेलं पाणी बर्फातल्या भेगांतून, बोगद्यांतून खाली यायला काही तास घेतं, त्यामुळे गंगोत्रीला संध्याकाळी उशिरा पाणी चढलेलं दिसतं. तिकडचे गाईड म्हणतात ना, नाला सकाळी लवकर ओलांडायचा, ते याच्यामुळे. आभाळ निरभ्र आहे, पावसाचा थेंब नाही, आणि तरी दुपारनंतर त्याच नाल्यात गुडघ्याऐवजी मांडीपर्यंत पाणी असू शकतं, हे आपल्या सह्याद्रीत ट्रेक केलेल्या माणसाला पटकन पटत नाही, कारण आपल्याकडे पाऊस नाही म्हणजे ओढा सुरक्षित अशी सवय असते.

उतार किती आहे ते बघा

मला विचाराल तर खरा मुद्दा हा आहे, म्हणून इथे जरा थांबूया.

कृष्णा महाबळेश्वरला साधारण 1,300 मीटरवर उगम पावते, पण वाईपर्यंत आली की ती सातशेच्या आसपास असते आणि मग उरलेल्या हजाराहून जास्त किलोमीटरच्या प्रवासात तेवढेच सातशे मीटर उतरत समुद्राला मिळते. म्हणजे किलोमीटरमागे अर्धा-पाऊण मीटर. भागीरथी गोमुखला 4,000 मीटरवर आहे आणि साधारण 200 किलोमीटरवर देवप्रयागला पोचते तेव्हा 500 मीटरच्याही खाली असते. किलोमीटरमागे सरासरी 17 मीटर. आणि ही फक्त मुख्य नदी झाली, तिला बाजूने येऊन मिळणारे ओढे, ज्यांना तिकडे गाड म्हणतात, ते याच्या कितीतरी पट उभे असतात. धरालीवरची खीरगाड श्रीकंठ शिखराच्या (6,133 मीटर) बाजूने येते आणि शिखर ते गाव हे सरळ अंतर दहा किलोमीटरसुद्धा नाही. साडेतीन हजार मीटरचा उतार, दहा किलोमीटरच्या आत.

आता उतार वाढला की वेग वाढतो हे सगळ्यांना माहितीये, पण वेग वाढला की काय होतं ते फार लोकांना माहिती नसतं. भौतिकशास्त्राचा एक जुना नियम आहे, पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते ढकलू शकेल अशा दगडाचं वजन दुप्पट किंवा चौपट होत नाही, ते ढोबळमानाने 64 पट होतं. एक किलोचा गोटा हलवणारं पाणी वेग दुप्पट झाल्यावर 64 किलोचा धोंडा हलवतं. म्हणून हिमालयातल्या पुरात ट्रकएवढे दगड गावात येऊन पडलेले दिसतात, ते तिथे कुणी कसे आणले असं वाटतं.

बारीक पूडही विसरू नका. हिमनदीने दळलेली ही दगडाची पूड इतकी हलकी असते की ती पाण्यातच तरंगत राहते, म्हणून नदी राखाडी दिसते. गंगोत्रीला घाटावर बाटली भरून खोलीवर आणून ठेवली तर तासन् तास ती गढूळच राहते आणि मग हळूहळू तळाशी पातळ राखाडी थर बसतो, त्यात अभ्रकाचे कण चमकतात. आपण घरी आणून देवापाशी ठेवतो त्या गंगोत्रीच्या पाण्याच्या तळाशी असलेला गाळ म्हणजे त्या शिखरांचाच चुरा आहे. हाच चुरा जलविद्युत केंद्रांना नको होतो, कारण त्यातली गारगोटीची कणी टर्बाइनची पाती झिजवते, आणि पावसाळ्यात गाळ फार वाढला की पाणी भरपूर असूनसुद्धा केंद्र बंद ठेवायची वेळ येते.

मग एवढी सपाट जागा आली कुठून

गंगोत्रीच्या रस्त्याने गेलेल्यांना आठवत असेल, उत्तरकाशी सोडलं की दरी अरुंद होत जाते, गंगनानीपर्यंत दोन्ही बाजूंनी कडे अंगावर येतात, मग सुक्खीचा चढ चढून वर गेलं की अचानक झाला नावाच्या गावापासून हर्षिल, धरालीपर्यंतचं रुंद, हिरवं खोरं उघडतं. सफरचंदांच्या बागा, देवदार, पात्र पसरट. सगळ्यांना तिथेच राहावंसं वाटतं आणि ते साहजिक आहे.

पण त्या रुंदपणाला कारण आहे. कधीकाळी हिमनद्या आजच्यापेक्षा खूप खालपर्यंत पसरल्या होत्या. नदी दरी खोल कापते त्यामुळे ती व्ही आकाराची होते, हिमनदी सगळ्या रुंदीने घासत जाते त्यामुळे यू आकाराची. शिवाय झाला गावाजवळ दरी केव्हातरी अडून वरच्या बाजूला तलाव झाला होता आणि तो गाळाने भरत गेला असं भूवैज्ञानिक सांगतात. म्हणजे तळ सपाट आहे तो भरावामुळे.

आणि त्यावर बाजूच्या प्रत्येक गाडच्या तोंडाशी आणखी एक भराव. उभ्या घळीतून वेगाने आलेला ओढा सपाटीवर आला की त्याचा वेग एकदम पडतो, वर सांगितलेला नियम उलटा चालतो आणि हातातलं सगळं तिथल्या तिथे टाकलं जातं. एका पुरात डावीकडे, पुढच्या पुरात उजवीकडे, असं टाकत टाकत पंख्याच्या आकाराची उतरती जमीन तयार होते, पुस्तकात तिला पंखाकृती मैदान म्हणतात. डोंगराळ भागात ही जमीन सगळ्यात सोयीची, माती मऊ, पाणी जवळ, रस्ता जवळ. धराली अशाच पंख्यावर आहे. खीरगाडने आधी जे टाकलं त्यावरच बाजार उभा होता.

याचा पुरावा गावातच होता. धरालीचं कल्पकेदार मंदिर जुनं, आणि त्याचा बराचसा भाग जमिनीच्या पातळीखाली होता, कारण कुठल्यातरी आधीच्या मलब्यात ते गाडलं गेलं होतं आणि गेल्या शतकात खणून मोकळं केलं गेलं. भाविक पायऱ्या उतरून दर्शनाला जात. 5 ऑगस्टला ते पुन्हा मलब्याखाली गेलं. ओढा इथपर्यंत येतो आणि एवढ्या उंचीपर्यंत भरतो हे ते मंदिर कित्येक वर्षं दाखवत होतं, आणि आपण सगळे त्याला नमस्कार करून पुढे जात होतो. मला याचं फार वाईट वाटतं.

पण ती ढगफुटीच होती ना?

हवामान खातं ढगफुटी कशाला म्हणतं? साधारण वीस-तीस चौरस किलोमीटरच्या भागात तासाभरात 100 मिलिमीटर किंवा जास्त पाऊस पडला तर. धरालीच्या घटनेच्या वेळी आसपासच्या पर्जन्यमापकांवर तसा काहीच पाऊस नोंदला गेला नव्हता, अगदी मामुली होता. आता, पर्जन्यमापक खाली दरीत असतात आणि वर पाच हजार मीटरवर वेगळं काही पडू शकतं हेही खरं. पण बऱ्याच भूवैज्ञानिकांचं म्हणणं असं की खीरगाडच्या वरच्या अंगाला साठलेला हिमोढ, बर्फ आणि दगडमाती सुटून खाली आली असावी. त्यासाठी प्रचंड पाऊस लागत नाही. ढीग आधीच तयार असेल आणि पाणी मुरून जड झालेला असेल तर साधासुद्धा पाऊस पुरतो.

उत्तराखंडातच 7 फेब्रुवारी 2021 ला ऋषिगंगेत जे झालं तेव्हा तर पावसाळाही नव्हता. वर रोंटी शिखराच्या बाजूचा खडक आणि बर्फ एकत्र तुटला, घासला जाऊन बर्फाचं पाणी झालं, आणि तपोवनच्या जलविद्युत प्रकल्पाचं काम वाहून गेलं, दोनशेच्या वर माणसं गेली. 2013 च्या जूनमध्ये केदारनाथला मुसळधार पाऊस होताच, पण घात केला तो वरच्या चोराबारी तलावाचा हिमोढाचा बांध फुटला त्याने. आणि सिक्कीममध्ये ऑक्टोबर 2023 ला साउथ ल्होनाक हा हिमनदीच्या तोंडाशी साठलेला तलाव फुटून तीस्ता नदीवरचं चुंगथांगचं धरणच गेलं. चारही ठिकाणी सुरुवात वेगवेगळी, पण खाली जे आलं ते सगळीकडे तेच, पाणी आणि सुटा मलबा यांचं मिश्रण.

हिमनद्या वितळल्या तर गंगा आटेल का?

हा प्रश्न नेहमी येतो आणि दोन टोकाची उत्तरं मिळतात, एक म्हणजे सगळं संपणार आणि दुसरं म्हणजे काहीच होणार नाही. दोन्ही चूक.

देवप्रयागला, जिथे भागीरथी आणि अलकनंदा मिळून गंगा हे नाव सुरू होतं, तिथे वर्षभराच्या पाण्यात बर्फ आणि हिमनद्यांच्या वितळण्याचा वाटा साधारण तीस टक्क्यांच्या आसपास धरला जातो. बाकी पाऊस आणि झरे. खाली पाटण्यापर्यंत जाताना पावसाच्या मोठमोठ्या नद्या मिळत जातात आणि हा वाटा आणखी घटतो. त्यामुळे मान्सून आहे तोवर गंगा कोरडी पडणार नाही. पण सरासरीत एक गोष्ट लपते. ते वितळलेलं पाणी येतं उन्हाळ्यात, जेव्हा दुसरं काही नसतं. गंगोत्री, हर्षिल, उत्तरकाशीच्या माणसाला तीस टक्के सांगून उपयोग नाही, मे महिन्यात त्याच्यासमोरून वाहणाऱ्या पाण्यातला बहुतेक भाग बर्फाचाच असतो.

काही जण म्हणतात, वितळतंय म्हणजे पाणी वाढेल की, चांगलंच आहे. वाढतं, खरंय, पण परत कणगीकडे या. साठ्यातून जास्त काढून खाल्लं तर काही वर्षं ताट भरलेलंच दिसतं, आणि ते बघून सगळं ठीक चाललंय असंही वाटतं. मग एक वर्ष असं येतं की त्यानंतर दरवर्षी कमीच निघतं. शास्त्रज्ञ त्या टप्प्याला पीक वॉटर, म्हणजे पाण्याचा कळस, म्हणतात. काठमांडूच्या इसिमोड या हिमालयावर काम करणाऱ्या संस्थेने 2023 च्या अहवालात हिमालयातल्या नद्यांसाठी तो टप्पा या शतकाच्या मध्याच्या आसपास येईल असं म्हटलंय, आणि तापमानवाढ अशीच चालू राहिली तर 2100 पर्यंत इथल्या हिमनद्यांचा 80 टक्क्यांपर्यंत बर्फ जाऊ शकतो असंही. आज जन्मलेलं मूल त्या टप्प्याला जेमतेम पंचविशीत असेल.

आणि दगडमातीचं काय? बर्फ मागे सरकतो, हिमोढ तिथेच राहतो. आधी बर्फाने टेकू दिलेले कडे मोकळे होतात, जमिनीच्या आत गोठलेलं पाणी माती धरून होतं ते सुटतं, आणि जिथे पूर्वी बर्फ पडायचा तिथे आता पाऊस पडायला लागतो. बर्फ पडला तर तो जागेवर बसतो, पाऊस लगेच वाहायला लागतो, आणि समोर सुटा ढीग. म्हणजे पाणी कमी होण्याची गोष्ट पुढची आहे, मलबा वाढण्याची आत्ताची.

टिहरी धरण आहे, सायरन लावता येतील, मग काय अडचण?

टिहरीचं धरण 260 मीटर उंच आहे आणि 2013 ला त्याने भागीरथीचा पूर अडवून धरला, खाली ऋषिकेश-हरिद्वारला त्याचा फायदा झाला, हे मान्यच करायला हवं. पण टिहरी उत्तरकाशीच्या खाली आहे. धराली, हर्षिल, उत्तरकाशीला त्याचा काही उपयोग नाही. शिवाय गाळ तिथे अडून बसतो, पावसाळ्यात देवप्रयागच्या संगमावर उभं राहिलं तर अलकनंदा मातकट आणि भागीरथी त्या मानाने हिरवट नितळ दिसते ती त्यामुळेच.

सायरनचं म्हणाल तर मोठ्या तलावांखाली ते नक्कीच लावायला हवेत, कारण तलाव फुटून पाणी खालच्या गावात पोचायला वेळ लागतो. पण खीरगाडसारख्या उभ्या घळीत मलबा सुटल्यापासून गावात येईपर्यंत काही मिनिटंच मिळतात. तेवढ्यात भर बाजारातल्या सगळ्यांनी वर चढायचं म्हणजे कठीणच.

आणि कधीकधी गाड नुसती गावावर येऊन थांबत नाही. ऑगस्ट 1978 मध्ये डबराणीजवळ कनोडिया गाडचा मलबा येऊन भागीरथीच अडली, मागे तलाव झाला, आणि तो फुटल्यावर थेट उत्तरकाशीपर्यंत पूर गेला. त्या भागात 1991 चा उत्तरकाशीचा भूकंप, 6.8 तीव्रतेचा, झालेला आहे, म्हणजे कडे आधीच खिळखिळे.

गाव तर शेकडो वर्षं आहे, मग आत्ताच कसं झालं?

मुखबा बघा. गंगोत्रीच्या पुजाऱ्यांचं गाव, हिवाळ्यात गंगेची मूर्ती तिथेच येते. ते नदीपासून वर, उतारावर आहे. जुनी पहाडी वस्ती बहुतेक अशीच, घरं वर आणि शेतं खाली, पूर आला तर शेत गेलं पण घर राहिलं. गाड्यांचा रस्ता नदीकाठाने आल्यावर हॉटेलं, ढाबे, होम-स्टे सगळे रस्त्याला येऊन बसले, म्हणजे बरोबर पंख्यावर. 2013 ला खीरगाडने धरालीच्या बाजारात मलबा आणला होता, तो उपसून तिथेच पुन्हा बांधकाम झालं. यात स्थानिकांना दोष देणं मला पटत नाही. वर्षात सहा महिने यात्रा चालते, त्यातच कमवायचं, आणि आपल्याला नदीचा व्ह्यू असलेली खोलीच हवी असते.

सरकारने डिसेंबर 2012 मध्ये गोमुख ते उत्तरकाशी हा शंभर किलोमीटरचा पट्टा, 4,179 चौरस किलोमीटर, इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक भाग, म्हणून जाहीर केला, त्यात नदीकाठच्या बांधकामावर बंधनं आहेत. त्यावरून आजही भांडण चालू आहे, रस्ता रुंद करायचा तर देवदार तोडावे लागतात, सीमेवर सैन्य न्यायला रस्ता लागतोच, गावकऱ्यांना घर वाढवायचंय. यातला कुठलाच मुद्दा खोटा नाही. पण कुठल्या गाडच्या तोंडाशी काहीच बांधायचं नाही याचे नकाशे करून ते गावागावात लावायला कुणाचीच ना नसावी, आणि माझ्या मते ते सगळ्यात आधी व्हायला हवं.

तुम्ही किंवा घरचं कुणी पुढच्या वर्षी जाणार असेल तर बुकिंग करताना एवढं करा. मॅपवर सॅटेलाईट व्ह्यू लावा, हॉटेल शोधा आणि त्याच्या मागे डोंगराकडे बघा. वरून एखादी राखाडी घळ सरळ हॉटेलच्या दिशेने उतरत असेल तर ते सोडा, थोडं वर किंवा दोन घळींच्या मधल्या उतारावर मिळतंय का बघा, नदी जरा लांबून दिसली तरी चालेल. जुलै-ऑगस्ट टाळता आला तर टाळा, मे-जून किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर बरं. मुक्कामी पोचल्यावर हॉटेलवाल्याला विचारा की मागच्या वेळी पाणी कुठपर्यंत आलं होतं आणि रात्री पळायची वेळ आली तर वर जायची वाट कुठली, ती वाट उजेडात एकदा चालून बघा. आणि गाडचं पाणी एकाएकी कमी झालं किंवा नेहमीपेक्षा एकदम जास्त गढूळ आलं तर वर कुठेतरी काहीतरी अडलंय असं समजून सामान तिथेच टाकून निघा.